राखेपासून रानापर्यंत : उजाड भूमीवर वनस्पती पुन्हा कशा येतात

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावाच्या शिवारात प्रचंड आकाराच्या प्राचीन सरीसृपांची, म्हणजे डायनोसॉरांची, हाडे व त्यांची दगड बनलेली विष्ठा सापडते, ही गोष्ट भूशास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. लखनौच्या बिरबल साहनी पुरावनस्पतिविज्ञान संस्थेतील वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अश्मीभूत विष्ठेचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले, तेव्हा तीत गवताच्या पानांत आढळणारे सिलिकेचे अतिसूक्ष्म कण मिळाले. २००५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. गवत ही वनस्पती पृथ्वीवर फार उशिरा, डायनोसॉर नष्ट झाल्यानंतर अवतरली, असा तोवरचा समज होता. पिसदुऱ्याच्या मातीने तो खोटा ठरविला. डायनोसॉर वरोऱ्याच्या परिसरात वावरत होते, त्या काळीही तेथे गवत होते.

या शोधाचे महत्त्व केवळ शास्त्रीय कुतूहलापुरते मर्यादित नाही. पिसदुऱ्याचे हे थर ज्या काळातील आहेत, त्याच सुमारास, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे महापूर लोटले. भेगांतून उसळलेल्या या रसाने आजच्या महाराष्ट्राचा बहुतांश भाग झाकून टाकला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर बेसाल्ट खडकाचे हे थर पसरलेले आहेत. त्यांची पूर्वेकडील कड चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात येऊन संपते. त्या अग्निप्रलयानंतर डायनोसॉर उरले नाहीत. गवत मात्र उरले. इतकेच नव्हे, तर त्याच बेसाल्टच्या विघटनातून जी काळी कसदार माती तयार झाली, तिच्यावर वरोऱ्याचा शेतकरी आज कापूस व सोयाबीन पिकवितो.

जळालेल्या, गाडल्या गेलेल्या, खणून उलथ्यापालथ्या केलेल्या भूमीवर वनस्पती पुन्हा कशा येतात, हा प्रश्न चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनसंपन्न जिल्ह्यांच्या दृष्टीने आजही तितकाच जिवंत आहे. येथे ज्वालामुखी नाही. परंतु दरवर्षी लागणारा वणवा आहे आणि कोळसा खाणींतून निघालेल्या दगडमातीचे डोंगर आहेत. निसर्ग उजाड भूमी कोणत्या क्रमाने सावरतो, हे समजले म्हणजे माणसाने कोठे हात लावावा व कोठे तो आखडता घ्यावा, हेही समजते.

लाव्हाच्या दोन थरांमधील हिरवळ

दख्खनचा लाव्हा एकाच दिवशी वाहिला नाही. एक थर निवल्यानंतर दुसरा येईपर्यंत पुष्कळदा हजारो वर्षांचा काळ जाई. या अवकाशात वरचा खडक ऊनपावसाने झिजे, खोलगट भागांत पाणी साचून तळी होत, त्यांत गाळ बसे आणि भोवती झाडेझुडपे वाढत. मग पुन्हा लाव्हा येई व सर्व काही गाडून टाकी. दोन लाव्हाथरांच्या मध्ये सापडणाऱ्या गाळाच्या या पातळ थरांना ‘आंतरट्रॅप थर’ असे म्हणतात. मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरातील मोहगाव कलान व सौंसर येथील असे थर वनस्पतींच्या जीवाश्मांसाठी जगप्रसिद्ध आहेत. डॉ. बिरबल साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ताड कुळातील वृक्षांची खोडे, फळे, फुले व पाणवनस्पती यांचा अभ्यास केला.

सौंसरच्या थरांत अझोला या तरंगत्या पाणनेच्याचे जीवाश्मही मिळाले. पूर्व विदर्भातील धान उत्पादक शेतकऱ्याला अझोला परिचित आहे. हवेतील नत्र बांधून घेणारे नील-हरित शैवल तिच्या पानांत राहत असल्यामुळे धानाच्या बांधीत ती हिरवळीचे खत म्हणून वापरतात. ज्या वनस्पतीचा आज कृषी विस्तार अधिकारी प्रचार करतात, तिचे पूर्वज लाव्हाच्या दोन पुरांमधल्या तळ्यांत वाढत होते. हवेतून नत्र मिळविणाऱ्या जीवांचे उजाड भूमीवरील हे महत्त्व पुढे पुन्हा पुन्हा दिसून येईल.

क्राकाटोआचा धडा

लाव्हानंतर वनस्पती परतल्या हे जीवाश्म सांगतात. परंतु त्या कशा परतल्या, हे प्रत्यक्ष पाहण्याची संधी शास्त्रज्ञांना मिळाली ती १८८३ नंतर. जावा व सुमात्रा यांच्यामधील सामुद्रधुनीत क्राकाटोआ नावाचे ज्वालामुखी बेट होते. २६ व २७ ऑगस्ट १८८३ रोजी झालेल्या स्फोटांत त्याचा मोठा भाग समुद्रात कोसळला. उसळलेल्या लाटांनी दोन्ही किनाऱ्यांवरील ३६ हजारांहून अधिक माणसांचा बळी घेतला. बेटाच्या उरलेल्या भागावर तप्त राखेचे जाड आच्छादन बसले व तेथील जीवसृष्टी नष्ट झाली. पुढील वर्षी, १८८४ च्या मे महिन्यात तेथे गेलेल्या एका फ्रेंच संशोधकाला जिवंत असा केवळ एक सूक्ष्म कोळी दिसला. वाऱ्याबरोबर उडत आलेला तो जीव जाळे विणीत होता. पकडण्याजोगा दुसरा कीटक मात्र आसपास नव्हता!

१८८६ मध्ये जावातील बायटनझोर्ग वनस्पती उद्यानाचे संचालक मेल्खिओर त्र्यूब यांनी बेटाची पाहणी केली. राखेवर नील-हरित शैवलांचा बुळबुळीत पातळ थर पसरलेला त्यांना दिसला आणि त्या थरावर अकरा जातींचे नेचे उगवलेले होते. किनाऱ्यावर समुद्राच्या लाटांनी वाहून आणलेल्या बियांपासून काही फुलझाडे वाढू लागली होती. त्यानंतर बेटाच्या अंतर्भागात गवत माजले, गवतात तुरळक झाडे आली, झाडांवर फळे खाणारे पक्षी व वटवाघळे आली आणि त्यांच्या विष्ठेतून उंबरवर्गीय वृक्षांच्या बिया आल्या. सुमारे पन्नास वर्षांत बेटाचा बहुतेक भाग वनाने झाकला गेला. जावा व सुमात्राचे किनारे येथून सुमारे ४० किलोमीटर दूर. तरीही वारा, पाणी व पाखरे या तीन वाहकांनी वनाचे बी तेथवर पोहोचविले.

आइसलँडजवळच्या समुद्रातून १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये वर आलेल्या सुर्त्से या नव्या बेटाचा अभ्यास तर त्याच्या जन्मापासूनच करण्यात आला. तेथे पहिली फुलझाडे १९६५ मध्येच दिसली. परंतु हिरवळ खऱ्या अर्थाने दाटली ती १९८० नंतरच्या दशकात, समुद्रपक्ष्यांनी तेथे मोठ्या संख्येने घरटी बांधावयास प्रारंभ केल्यानंतर. पक्ष्यांच्या विष्ठेतील नत्राने तो खडक सुपीक केला.

प्रथम कोण येते?

उजाड जागेवर वनस्पतींचे एकामागून एक समूह येतात व पुढच्या समूहास जागा करून देतात. या प्रक्रियेस वनस्पतिशास्त्रात ‘अनुक्रमण’ अशी संज्ञा आहे. निव्वळ खडकावर प्रथम सूक्ष्मजीव, शैवले व दगडफूल येतात. महाराष्ट्रातील गृहिणी मसाल्यात घालते तेच हे दगडफूल. ते म्हणजे शैवल व बुरशी यांचे सहजीवन होय. शैवल अन्न तयार करते. बुरशी खडकाला घट्ट धरते, ओल टिकविते आणि आपल्या आम्लांनी खडक हळूहळू पोखरते. त्यातून सुटलेल्या कणांत दगडफुलाचेच मृत अवशेष मिसळून चिमूटभर माती तयार होते. या चिमूटभर मातीत शेवाळी वाढते, मग नेचे, मग गवत. गवताची मुळे खडकाच्या भेगांत शिरतात, वाळलेली पाती कुजतात, माती बोटभर होते. त्यानंतर झुडपांना व शेवटी वृक्षांना आधार मिळतो.

या क्रमात पहिल्याने येणाऱ्या अग्रगामी वनस्पतींचे काही समान गुण असतात. त्यांचे बी हलके व विपुल असते, त्यांना भर उन्हाचे भय नसते आणि थोड्या अन्नद्रव्यावर त्यांचा निर्वाह होतो. मात्र त्यांना स्वतःच्याच सावलीत नवी पिढी वाढविता येत नाही. सावली सहन करणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या जातींसाठी त्या भूमी तयार करतात व स्वतः मागे सरतात.

राखेत व नव्या खडकात स्फुरद, पालाश, चुना आदी द्रव्ये थोडीबहुत असतात. नत्र मात्र जवळजवळ नसतो. म्हणूनच हवेतील नत्र बांधणाऱ्या वनस्पतींना येथे विशेष मान आहे. अमेरिकेतील माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा १८ मे १९८० रोजी स्फोट झाला. त्यानंतर राखेच्या माळावर प्रथम मूळ धरणाऱ्यांत ल्युपिन हे द्विदल कुळातील बुटके झाड होते. त्याच्या मुळांवरील गाठींत नत्र साठे, ते मेल्यावर माती सुपीक होई आणि त्याच्या थाऱ्याने वाऱ्यावरचे इतर बी अडकून रुजे. एकेका ल्युपिनच्या भोवती अशी लहान लहान हिरवी बेटे तयार झाली.

दोन प्रकारची उजाड भूमी

सेंट हेलेन्सच्या स्फोटाने आणखी एक भेद स्पष्ट केला. जेथे तप्त राखेने सर्व काही नष्ट झाले, तेथे अनुक्रमण शून्यापासून सुरू झाले. हे प्राथमिक अनुक्रमण होय. परंतु ज्या उतारांवर झाडे उन्मळून पडली तरी बर्फाखाली दबलेली रोपे, जमिनीतील मुळे, बी व बिळांतील घुशींसारखे प्राणी वाचले होते, तेथे हिरवळ फार लवकर परतली. बिळे करणाऱ्या प्राण्यांनी खालची जुनी माती वर आणून राखेत मिसळली आणि त्या मातीबरोबर बी व उपयुक्त बुरशीही वर आली. माती शाबूत असताना होणारे हे दुय्यम अनुक्रमण होय.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात हा भेद फार उपयोगाचा आहे. वणव्यानंतरचे रान हे दुय्यम अनुक्रमणाचे उदाहरण आहे. कोळसा खाणीचा ढिगारा हे जवळजवळ प्राथमिक अनुक्रमणाचे. पहिल्या ठिकाणी प्रश्न मुख्यतः रक्षणाचा असतो. दुसऱ्या ठिकाणी माती घडविण्याचा. दोन्हींवर एकच उपाय करू गेल्यास श्रम व पैसा दोन्ही वाया जातात.

वणवा आणि आठ महिन्यांचे रोप

गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे सत्तर टक्के भूभाग वनाच्छादित आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू, हलदू व बांबू यांची ही पानझडी वने. फेब्रुवारी उजाडला की पानगळ सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत जमिनीवर वाळलेल्या पानांचा जाड थर साचतो. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ आगीचा हंगाम मानते. राज्यातील वणव्यांच्या उपग्रहाद्वारे मिळणाऱ्या सूचनांत गडचिरोलीचा वाटा नेहमीच मोठा असतो. यांतील बहुतेक आगी निसर्गाने लावलेल्या नसून माणसाच्या हातून लागलेल्या असतात.

येथील वणवा सामान्यतः जमिनीलगत सरपटत जातो. त्याच्या ज्वाला मोठ्या वृक्षांच्या शेंड्यांपर्यंत क्वचितच पोहोचतात. जाड सालीचे वृक्ष तो सहन करतात. मातीच्या काही अंगुळे खाली मुळे सुरक्षित राहतात. तेंदू व पळस मुळांपासून नवे फुटवे काढतात. सागाचे रोप तर वरचा भाग दरवर्षी जळूनही खाली मुळांचा गड्डा पोसत राहते आणि एखाद्या वर्षी आग चुकली म्हणजे एकदम उंच झेपावते. त्यामुळे एकदा लागलेल्या आगीने हे रान मरत नाही. पहिल्या पावसानंतर ते पुन्हा हिरवे दिसू लागते आणि पाहणाऱ्याची समजूत होते की काहीच नुकसान झाले नाही.

खरे नुकसान आग दरवर्षी लागली म्हणजे होते. मोहाचेच उदाहरण घेऊ. मोहटोळ पावसाच्या तोंडाशी पिकते. तिच्यातील बी फार दिवस टिकत नाही. ते त्याच पावसाळ्यात रुजावे लागते. जुलैमध्ये उगवलेले रोप पुढील मार्च महिन्यात जेमतेम आठ महिन्यांचे असते, आणि त्याच वेळी मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालची जमीन साफ करावी म्हणून तेथे काडी लावली जाते. ज्या वृक्षाच्या फुलांवर कुटुंबाचे चार महिने निघतात, त्याचीच पुढची पिढी त्या आगीत जळते. गावाच्या शिवारात म्हातारे मोह पुष्कळ व तरुण मोह जवळजवळ नाहीत, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते, त्याचे एक कारण येथे आहे. चार, आवळा, बेहडा यांची रोपेही अशीच बळी पडतात.

दुसरे नुकसान मातीचे. पालापाचोळा हे मातीचे पांघरूण होय. ते जळाले म्हणजे जूनचा पहिला जोरदार पाऊस उघड्या मातीवर आदळतो, वरचा सकस थर ओढ्यात वाहून जातो, जमिनीत पाणी कमी मुरते. वर्षानुवर्षे हा क्रम चालू राहिला की आग सोसणाऱ्या मोजक्या जाती व रायमुनियासारखी तणे यांचेच राज्य होते. अनुक्रमणाची शिडी चढण्याऐवजी रान एकेक पायरी खाली उतरते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ अन्वये राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे; परंतु इतक्या विस्तीर्ण जंगलात केवळ कायद्याच्या भरवशावर आग थांबत नाही, हा आजवरचा अनुभव आहे.

ग्रामसभांनी घेतलेले निर्णय

वणव्याचा प्रश्न उपजीविकेशी जोडलेला आहे. मोहाखालची जमीन आगीने घटकाभरात साफ होते. झाडूने ती साफ करण्यास सकाळ खर्ची पडते. तेंदूची झुडपे जळाली की त्यांना कोवळी, मोठी पाने फुटतात व पानफळीच्या हंगामात मजुरी बरी मिळते. ज्या कुटुंबाला रोख पैसा वर्षातून याच काळात दिसतो, त्याला आग लावू नका असे सांगणे सोपे आहे. पर्याय देणे अवघड आहे. तथापि पर्याय आहेत. तेंदूची झुडपे जमिनीलगत छाटण्याच्या पद्धतीने, म्हणजे खुटकटाईने, आग न लावताही चांगली पालवी येते. मोहाखाली जुनी लुगडी वा जाळी अंथरल्यास फुले स्वच्छ मिळतात व त्यांना भावही अधिक येतो.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ नुसार सामूहिक वनहक्क मिळाल्यावर काही गावांनी हा प्रश्न स्वतःच्या हाती घेतला. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. देशात सर्वप्रथम हा हक्क मिळविणाऱ्या गावांत त्याची गणना होते. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जंगल राखले तर त्याचे उत्पन्न गावाला मिळते, हे तेथे कागदावर न राहता व्यवहारात उतरले.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिंपरी तालुक्यातील पाचगावचा निर्णय तर अधिक धाडसाचा आहे. २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टर वनावर हक्क मिळाल्यानंतर या गावाच्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणेच बंद केले. तेंदूच्या हंगामासाठी फांद्या तोडल्या जातात, आगी लागतात, झाडाला फळ धरत नाही, हा विचार त्यामागे होता. हाती येणारी मजुरी सोडणे लहान गावाला परवडणारे नसते. पाचगावाने ती उणीव बांबूच्या उत्पन्नातून भरून काढण्याचा मार्ग निवडला. आपल्या वनाचा काही भाग तर गावाने देवराईप्रमाणे पूर्णपणे राखून ठेवला आहे. हा भाग म्हणजे भोवतीच्या रानासाठी बियांची पेढीच होय. क्राकाटोआला जावा-सुमात्राची वने जशी बी पुरवीत होती, तसेच हे राखीव तुकडे उजाड भूमीला बी पुरवितात. प्रत्येक गावाने तेंदू बंद करावा, असा याचा अर्थ नाही. निर्णय गावाने, हिशेब मांडून, स्वतः घेतला म्हणजे तो पाळला जातो, हा यातील बोध आहे.

कोळशाचे ढिगारे : नवा ओसाड खडक

वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसा हाही मुळात वनच आहे. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या दलदलींतील ग्लोसॉप्टेरिस व तत्सम वनस्पती गाडल्या जाऊन तो तयार झाला. तो काढण्यासाठी दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, घुग्गुस, माजरी आदी ठिकाणच्या खुल्या खाणींत वरचा खडक व माती खणून बाजूस टाकली जाते. या टाकाऊ दगडमातीचे उंच ढिगारे म्हणजे एक प्रकारे ताज्या लाव्हाचीच भूमी. त्यांत सेंद्रिय द्रव्य नाही, नत्र नाही, उपयुक्त सूक्ष्मजीव नाहीत. उतार तीव्र असल्याने पाणी थांबत नाही आणि ४६-४७ अंशांपर्यंत चढणाऱ्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हा काळपट दगड भाजून निघतो.

अशा ढिगाऱ्यावर निसर्ग काही वर्षांत रुई, एकदांडी, रानतुळस, कांस यांसारख्या काटक वनस्पती आणतो. परंतु वन होण्यास अनेक दशके लागतात. तेवढ्या अवधीत प्रत्येक पावसाळ्यात गाळ शेजारच्या शेतांत व नाल्यांत उतरत राहतो. म्हणून येथे माणसाने अनुक्रमणाला हात देणे आवश्यक ठरते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या व चंद्रपूर परिसरातील कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांवर यासाठी एक पद्धती विकसित केली. साखर कारखान्यातील मळीसारखे सेंद्रिय टाकाऊ द्रव्य ढिगाऱ्यात मिसळावयाचे, नत्र बांधणारे जिवाणू व मुळांशी सहजीवन करणारी बुरशी रोपांच्या मुळांना लावावयाची आणि मग योग्य वृक्षजाती लावावयाच्या, असे तिचे स्वरूप आहे. निसर्ग जे शैवल, नेचे व गवत यांच्याकरवी दीर्घकाळात करतो, तेच थोड्या वर्षांत साधण्याचा हा प्रयत्न होय.

येथे एका मोहापासून सावध राहणे इष्ट ठरते. सुबाभुळीसारखी एकच जलद वाढणारी जात सर्वत्र लावली की दोन-तीन वर्षांत ढिगारा हिरवा दिसतो व अहवालात तशी नोंदही होते. परंतु एकाच जातीची लागवड म्हणजे वन नव्हे. तिच्यात पाखरांना वर्षभर फळ नाही आणि पाखरे नाहीत तर बाहेरचे बी येत नाही. खाण सुरू करतानाच वरची सुपीक माती वेगळी काढून जपून ठेवणे, ढिगाऱ्याला पायऱ्यापायऱ्यांचा उतार देणे, प्रथम स्थानिक गवते व द्विदल वनस्पती पेरणे, नंतर शिसू, खैर, करंज, कडुनिंब, बांबू यांसारख्या मिश्र जाती लावणे व उंबर-पिंपळासारखी पाखरांना बोलावणारी झाडे मधूनमधून ठेवणे, हा क्रम अनुक्रमणाच्या शास्त्राशी जुळणारा आहे. ढिगारा हिरवा झाला की नाही, एवढेच न विचारता त्यावर न लावलेली रोपे आपोआप उगवू लागली की नाही, हे विचारले पाहिजे. आपोआप उगवलेले पहिले रोप हीच यशाची खरी खूण होय.

जेथे अनुक्रमण थांबवावे लागते

प्रत्येक जागी घनदाट वन हेच ध्येय असते असेही नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातून बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारख्या गावांचे पुनर्वसन झाल्यावर त्यांची शेते मोकळी पडली. ती तशीच सोडली असती तर तरोटा व रायमुनिया, त्यानंतर पळस व बोर, आणि कालांतराने वन, असा क्रम चालला असता. परंतु चितळ, सांबर, गवा यांना चराऊ गवत हवे असते आणि वाघाचे पोट त्यांच्यावर अवलंबून असते. म्हणून वनखाते तेथे तण व झुडपे काढून अनुक्रमण जाणीवपूर्वक गवताच्या पायरीवर थांबविते. कोणत्या जागी कोणती पायरी हवी, हे ठरवूनच व्यवस्थापन करावे लागते, हे यावरून ध्यानात येईल.

शाळा व पंचायतींसाठी

अनुक्रमणाचा पाठ पुस्तकापेक्षा शाळेच्या आवाराबाहेर अधिक चांगला शिकविता येतो. त्यासाठी साहित्य म्हणजे चार खुंट्या, सुतळी व वही. जून महिन्याच्या आरंभी एक मीटर लांब व एक मीटर रुंद असे तीन चौकोन आखावेत : एक जळालेल्या रानात, एक न जळालेल्या रानात, एक मुरमाड उघड्या जागी. दर पंधरवड्यास प्रत्येक चौकोनात किती जातींची किती रोपे आहेत, ती बियांपासून आली की मुळांच्या फुटव्यांपासून, हे विद्यार्थ्यांनी नोंदवावे. ओळखण्यासाठी गावातील जाणत्या वृद्धांची मदत घ्यावी; गोंडी व माडिया भाषांतील नावेही लिहून ठेवावीत. फेब्रुवारीपर्यंत जमलेल्या नोंदींवरून पावसात रुजलेल्यांपैकी किती रोपे टिकली, हे मुले स्वतः मोजू शकतील. दुसऱ्या वर्षी तेच चौकोन पुन्हा पाहिले म्हणजे आगीचा परिणाम कोणाच्याही भाषणाविना समजेल.

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थापन झालेल्या व्यवस्थापन समित्यांकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. शाळेच्या नोंदी तीत समाविष्ट करता येतील. पंचायतींनी जानेवारी अखेरच्या ग्रामसभेत तीन विषय ठेवावेत : जाळरेषा साफ करण्याचे काम कोणी व केव्हा करावयाचे, मोहाखाली आग न लावण्याचा ठराव व त्यासाठी जाळ्यांची सोय, आणि बियांसाठी राखावयाच्या वनाच्या तुकड्याची सीमा. खाणीलगतच्या गावांनी ढिगाऱ्यांवरील लागवडीत कोणत्या स्थानिक जाती हव्यात, याची यादी आपल्या अनुभवावरून द्यावी.

आलापल्लीजवळ ‘वनवैभव’ नावाचा जुन्या नैसर्गिक वनाचा एक लहान तुकडा आहे. २०१४ मध्ये त्यास राज्यातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करण्यात आले. आकाशाला भिडणारे तेथील साग पाहिले म्हणजे वनाची पूर्णावस्था कशी असते, याची कल्पना येते. ती अवस्था कोणत्याही योजनेच्या पाच वर्षांत गाठता येत नाही. परंतु तिच्याकडे जाणारी वाट मोकळी ठेवणे माणसाच्या हाती आहे. लाव्हाच्या पुरानंतरही ज्या भूमीवर गवत परतले, त्या भूमीचे सामर्थ्य संशयातीत आहे. तिला हवी आहेत ती काही आगविरहित वर्षे, थोडी राखलेली माती आणि जवळपास शिल्लक असलेले बियांचे एखादे झाड. येत्या मार्चमध्ये मोहाखालचे आठ महिन्यांचे रोप वाचले, तर पुढील पिढीला मोह वेचण्यासाठी झाड असेल.